‘ड’ तुकडीतली मुले

जून महिन्यात शाळेत यादी लागली आणि सातपूरच्या आमच्या चाळीतला एक मुलगा तोंड पाडून घरी आला. त्याला ‘ड’ तुकडी मिळाली होती. वडील रात्रपाळी करून नुकतेच टेकले होते. ते म्हणाले, “म्हणजे आमचं पोरगं उरल्यासुरल्यांत!” पोरगं ते ऐकत होतं.

पालकहो, त्या दिवशी मी त्याला हॅरी पॉटरची गोष्ट सांगितली. रोलिंग या इंग्रज लेखिकेची ही सात पुस्तके १९९७ ते २००७ या काळात निघाली. मराठीतही ती आली आहेत. त्यातल्या जादूच्या शाळेत मुलांचे चार गट असतात. ग्रिफिंडॉर शूरांचा, रेव्हनक्लॉ हुशारांचा, स्लिदरिन महत्त्वाकांक्षी मुलांचा. चौथा हफलपफ. तिथे सगळी ढ मुले जातात, असे लोक बोलत.

पण हा गट सुरू कसा झाला? शाळा स्थापन करणाऱ्या चौघांपैकी तिघांनी मुले निवडून घेतली. स्लिदरिनला तर शुद्ध रक्ताचीच मुले हवी होती. एकटी हेल्गा हफलपफ म्हणाली, मी सगळ्यांना शिकवीन आणि सारखेच वागवीन. ज्यांच्या आजोबांनी वर्गाच्या दाराबाहेर बसून अक्षरे गिरवली, त्या घरांना या बोलण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता या ‘ढ’ गटाची करणी पाहा. दुसऱ्या पुस्तकात दगडासारखी ताठरलेली मुले पुन्हा हिंडू-फिरू लागली, ती कशाने? या गटाच्या प्रमुख स्प्राउटबाईंनी मातीत हात घालून वाढवलेल्या रोपांच्या औषधाने. तिसऱ्या पुस्तकात त्यांचा सेड्रिक सामना जिंकला, पण हॅरी खाली कोसळला होता हे कळताच ‘पुन्हा खेळू’ असे तो स्वतः म्हणाला. चौथ्या पुस्तकात चषक हाताशी असताना त्याने हॅरीला म्हटले, तूच घे. आणि शेवटच्या लढाईत, ज्यांना जायचे त्यांना जाऊ दिले तेव्हा, हुशारांच्या गटापेक्षा हफलपफची जास्त मुले मागे थांबली. कष्ट, न्याय आणि सोबत न सोडणे! याचे गुण प्रगतिपुस्तकात मिळत नाहीत, एवढेच.

याचा अर्थ मार्कांकडे दुर्लक्ष करा, असा नाही. ‘ड’ तुकडीला तेवढेच तास, तेवढेच चांगले शिक्षक मिळतात का, हे पालकसभेत उभे राहून विचारा. तो मुलांचा हक्क आहे. एका दिवसाची रजा पडली तरी चालेल, पण सभा चुकवू नका.

आणि घरात ‘उरलासुरला’ हा शब्द बंद करा. शाळेने दिलेले अक्षर फार तर वर्षभर टिकते. आई-बापाने मारलेला शिक्का मूल जन्मभर वागवते.