यूसुफचा जोसेफ कसा झाला?

जूनमध्ये शाळेत नावे दाखल करताना आमच्यापुढे दरवर्षी एक पेच येतो. यंदा जानेफळच्याच एका मुलाचे नाव जन्मदाखल्यावर ‘यूसुफ’, आधार कार्डावर ‘इसुफ’ आणि दादीच्या तोंडी ‘इसूब’ असे होते. वडील म्हणाले, "सर, यातलं खरं कोणतं?"

खरे तर तिन्ही एकाच नावाची लेकरे. मूळ इब्रानी नाव ‘योसेफ’. अर्थ, ‘तो आणखी देवो’, म्हणजे वाढ, बरकत. अरबीत ते यूसुफ. हजरत यूसुफ (अ.) यांच्या नावाची सूरह कुरआनात बारावी आहे, तिच्या 111 आयती.

युरोपात हे नाव ग्रीक आणि लॅटिनमधून गेले. लॅटिनमध्ये सुरुवातीचा उच्चार ‘य’सारखाच होता आणि तो ‘आय’ या अक्षराने लिहीत. पुढे त्या जागी ‘जे’ अक्षर आले आणि प्रत्येक भाषेने ते आपापल्या परीने वाचले. जर्मनांनी ‘य’ राखला, योझेफ. इंग्रजांचा जोसेफ, फ्रेंचांचा झोझेफ, इटलीचा जुझेप्पे, स्पेनचा होसे, रशियाचा इओसिफ.

पोर्तुगीजांचा ‘जुझे’ गोव्यात रुजला. संमोहनविद्येच्या अभ्यासासाठी पॅरिसमध्ये गाजलेले आबे फारिया कांदोळीचे. जन्म 1756, नाव जुझे कुस्तोदियो. मुंबईने तर या एकाच नावाचे दोन महापौर पाहिले. 1925 साली टिळकांचे सहकारी काका जोसेफ बॅप्टिस्टा, आणि 1942 साली ‘भारत छोडो’ ही घोषणा सुचवणारे युसूफ मेहरअली. एक ख्रिस्ती, एक मुसलमान. नाव मात्र एकच.

बोलण्यात नाव बदलते, त्यात कमीपणा काही नाही. पण कागद उच्चार समजून घेत नाही. एका अक्षरापायी शिष्यवृत्ती अडकलेली मुले आम्ही पाहिली आहेत. आईवडील मग रोजी बुडवून कार्यालयाच्या चकरा मारतात.

म्हणून घरोघरच्या अम्मी-अब्बांना आमचे सांगणे आहे. अकीक्याच्या दिवशीच नाव मराठीत आणि इंग्रजीत कसे लिहायचे ते ठरवून कागदावर लिहून ठेवा. जन्मनोंद, आधार, शाळा, सगळीकडे तेच द्या. फरक दिसला तर दहावीचा फॉर्म भरण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

त्या वडिलांना आम्ही जन्मदाखल्यावरचे नाव कायम ठेवून आधार दुरुस्त करायला सांगितले. दादीचा ‘इसूब’ मात्र आहे तसाच राहू द्या म्हटले. त्या हाकेला कोणता दाखला लागतो?