बिनतारी यंत्राचें मौन

ताकारी व टेंभू या उपसा योजनांनीं कृष्णेचें पाणी कडेगांव तालुक्याच्या माळावर चढूं लागल्यापासून येथील शेतकऱ्याचें लक्ष आभाळावरून पंपाकडे वळलें आहे. आतां तो पंपही हातानें चालू करण्याचे दिवस मागें पडत चालले. खिशांतील फोनावरून स्टार्टरास हुकूम द्यावा आणि कोसभर दूरची मोटार फिरावी, ही सोय पुष्कळांनीं करून घेतली आहे. रात्रपाळीच्या विजेसाठीं काळोखांत विंचवा-किरड्यांतून जाणें टळतें, ही लहान गोष्ट नव्हे; म्हणून आम्ही या यंत्रांची निंदा करणार नाहीं. परंतु विकणारा यंत्राचे गुण सांगतो आणि घेणारा किंमत विचारतो; निरोप वाटेंत हरवला तर तें काय करील, हें विचारणारा गिऱ्हाईक आम्हांस फारसा आढळला नाहीं. आमच्या मतें खरेदीचा पहिला प्रश्न हाच असावा.

आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. कागद जावक बारनिशींत चढला म्हणजे तो पोंचला असें तेथें कोणी धरीत नसे, आणि पोंच आली म्हणजे हुकूम बजावला गेला असेंही कोणी मानीत नसे. पाठविणें, पोंचणें व बजावणी ह्या तीन निराळ्या गोष्टी होत. पंपाचेंही तसेंच आहे. फोनावर 'हुकूम गेला' असें दिसलें, एवढ्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं. स्टार्टरानें 'चालू' असें उत्तर दिलें, तरी तें कशाच्या आधारें दिलें हें पाहिलें पाहिजे. आंतील खटका बसला एवढ्यावरून तें उत्तर येत असेल, तर एक फेज गेलेली असतां किंवा विहीर आटलेली असतांही तें 'चालू' असेंच येईल. मोटार किती अँपिअर ओढते हें मोजून दिलेलें उत्तर बरें. आणि नळींतून पाणी खरोखर वाहतें आहे कीं नाहीं हें पाहून दिलेलें उत्तर त्याहून बरें.

दुसरी गोष्ट 'निरंक' अहवालाची. पाऊस पडला नाहीं तरी मंडळावरून 'निरंक' असा आंकडा यावाच लागे. नवखे लोक यास हंसत. परंतु मुकाट्यानें बसलेल्या मंडळांत पाऊस नाहीं, कीं पर्जन्यमापक फुटला आहे, कीं माणूसच जागेवर नाहीं, हें कचेरींत बसून कसें कळावें? बिनतारी यंत्रासही हाच दंडक लावावा. दर ठराविक मिनिटांनीं त्यानें 'मी आहें' एवढें तरी कळवावें, व प्रत्येक निरोपावर अनुक्रमांक आणि वेळ असावी, म्हणजे मधला निरोप गळला तर ताबडतोब ध्यानांत येईल. एखादा निरोप चुकला म्हणून धांवपळ करूं नये. लागोपाठ तीन चुकले तर मात्र तो बिघाडच समजावा.

वेळेचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाहीं. फोनाचा लेखी संदेश कित्येकदां वाटेंत अडकून राहतो व कांहीं तासांनीं पोंचतो. सायंकाळीं दिलेला 'चालू कर' हा हुकूम मध्यरात्रीं पोंचला, तर धनी झोंपेंत आणि पाणी शेजाऱ्याच्या आल्यांत, असा प्रकार होईल. शिळा हुकूम यंत्रानें फेकून दिला पाहिजे.

आतां मुख्य मुद्दा. संबंध तुटला तर यंत्रानें काय करावें? येथें एकच उत्तर सर्वत्र चालत नाहीं, आणि तें उत्तर विक्रेत्यावर सोंपविणें आम्हांस मान्य नाहीं. एकट्याच्या विहिरीवरील पंप नेमलेल्या वेळेपर्यंत चालून आपोआप थांबावा, हें ठीक. पाणी संपल्यास किंवा फेज गेल्यास मोटार थांबविण्याची व्यवस्था मात्र स्टार्टरांतच असावी. ती बिनतारी निरोपावर कधींही अवलंबून असूं नये. सहकारी पाणीपुरवठा संस्थांची गोष्ट निराळी. पंपघर नदीकांठीं आणि टांकी टेंकडीवर. टांकीची पातळी कळविणारें यंत्र मुकें झालें असतां शेवटचा आंकडा खरा धरून पंप चालूं ठेवणें म्हणजे टांकी ओसंडण्यास आमंत्रण होय. तेथें मौन म्हणजे 'टांकी भरली' असेंच समजून पंप बंद पडला पाहिजे. टप्प्याटप्प्यांनीं पाणी चढविणाऱ्या योजनेंत तर वरचा टप्पा एकटाच थांबवून भागत नाहीं. खालून येणारें पाणी मधल्या हौदावरून फुटून कोणाच्या तरी पिकांत शिरेल. म्हणून वरचा टप्पा मुका झाला कीं खालचा आधीं थांबावा, अशी सांखळी आगाऊ ठरवून ठेवावी लागते.

मौनाचीं कारणें बहुधा साधीं असतात: सिमकार्डाचे पैसे संपले, टॉवरची वीज गेली, बॅटरी उतरली, अँटेना लोखंडी पेटींत कोंडली. आणखी एक कारण आमच्या ऊंसवाल्या बंधूंनीं विशेष ध्यानांत ठेवावें. उंच व ओल्या पिकांतून जातांना बिनतारी लहरी क्षीण होतात. लागणीच्या वेळीं मोकळ्या रानांत घेतलेली परीक्षा तोडणीच्या सुमारास खरी उतरेलच असें नाहीं. अँटेना पिकाच्या वर असावी.

प्रत्येक बिघाड हा बिघाडच असतो असेंही नाहीं. ऑस्ट्रेलियांतील मारूची येथें सांडपाण्याचीं 142 पंपघरें बिनतारी संदेशांनीं चालत. सन 2000 मध्यें तेथील पंप भलत्या वेळीं थांबूं लागले, निरोप गळूं लागले. प्रथम सर्वांस ती यंत्राची खोड वाटली. पुढें एक मनुष्य मोटारींत रेडिओ व संगणक घेऊन खोटे हुकूम पाठवीत असल्याचें उघड झालें. तोंवर लाखों लिटर घाण ओढ्यांत व बागांत गेली होती. तेव्हां कोणत्या क्रमांकावरून आलेला हुकूम पाळावयाचा, याची यादी प्रत्येक स्टार्टरांत भरलेली असावी, आणि सोडून गेलेल्या गड्याचा क्रमांक त्याच दिवशीं काढावा.

सर्वांत मोठी भीति जिवाची आहे. विहिरींत मनुष्य उतरलेला असतां घरून कोणी पंप चालूं केला, तर काय होईल हें लिहिण्याची गरज नाहीं. दुरुस्तीस जाणाऱ्यानें जागेवरील मेन स्विच पाडून, त्यास कुलूप घालून, किल्ली आपल्या खिशांत ठेवावी. ज्या पेटीस असें कुलूप लावतां येत नाहीं, ती फुकट मिळाली तरी घेऊं नये.

रब्बीचें आवर्तन सुटण्यापूर्वीं प्रत्येक संस्थेनें एक दिवस मुद्दाम अँटेना काढून पंप काय करतो तें पाहावें, आणि किती मिनिटांनीं थांबला हें सभासदांसमक्ष वहींत लिहावें.