लिहित्या मुलांना वाचक हवा

दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा छापून झाल्यावर आणि पहिली प्रत हाती येण्यापूर्वी जे दोन-चार दिवस मधे पडतात, त्या दिवसांत आपण लिहिलेले कोणी वाचील काय आणि वाचून त्याला काय वाटेल, हा एकच विचार लेखकाच्या मनात घोळत असतो. आणि १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा घालून दिल्यापासून मराठी लेखकांच्या कित्येक पिढ्या याच अपेक्षेच्या बळावर लिहीत आल्या आहेत. नावाजलेल्या लेखकालाही जी अपेक्षा लिहिते ठेवते, ती शाळेतील मुलांच्या वाट्याला मात्र आपण येऊ देत नाही, ही खंत यंदा या पानावर मांडावीशी वाटते.

‘पावसाळ्यातील एक दिवस’ किंवा ‘माझा आवडता सण’ या विषयांवर मूल वर्षानुवर्षे जे निबंध लिहिते, त्यांना वाचणारी व्यक्ती एकच, आणि तीही वाचते ती गुण देण्यासाठी. पाऊस कसा पडला हे परीक्षकाला त्या मुलाकडून जाणून घ्यावयाचे नसते, आणि मुलालाही हे पुरते ठाऊक असते; म्हणूनच ज्याच्या घरावरचा पत्रा पहिल्याच वादळात उडून गेला, तो मुलगाही आपल्या निबंधात मार्गदर्शकातील मोर नाचवितो. पत्र्याची हकीकत त्याला कोणी विचारलेलीच नसते. समासात ‘अक्षर सुधारा’ असा शेरा उमटतो आणि त्या मजकुराचे आयुष्य तेथेच संपते.

फ्रान्सच्या दक्षिणेस, अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रास शहराजवळच्या बार-स्युर-लू या गावी १९२० साली सेलेस्तँ फ्रेने नावाचे एक तरुण शिक्षक रुजू झाले. महायुद्धात फुप्फुसास झालेल्या जखमेमुळे कोंदट वर्गात तासन्‌तास बोलत राहणे त्यांना अशक्य होते. तेव्हा मुलांना घेऊन ते गावाभोवती हिंडू लागले आणि परत आल्यावर मुलांनी जे पाहिले ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहू लागले. १९२४ साली त्यांनी वर्गात एक लहानसे छपाईयंत्र आणले. मग गोगलगाईंच्या शर्यतीची हकीकत छापावयाची, तर आधी ती फळ्यावर उतरे, कोणते वाक्य नीट बसले नाही यावर सारा वर्ग चर्चा करी, पुढे चिमुकली बोटे एकेक खिळा उचलून उलट्या अक्षरांची ओळ जुळवीत, तिच्यावरून शाईचा रूळ फिरे, आणि कागद उचलल्यावर एखादे अक्षर चुकलेले दिसले तर ती ओळ सोडवून पुन्हा बांधावी लागे. शुद्धलेखनाचा तगादा लावण्याचे शिक्षकांना कारणच उरत नसे, कारण आपले पान दुसऱ्या गावी जावयाचे आहे, ते बिनचूक असले पाहिजे, ही निकड मुलांची स्वतःचीच होती.

आणि ती पाने खरोखरच दुसऱ्या गावी जात. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील त्रेगँक येथील शिक्षक रने दानिएल यांच्या वर्गाशी १९२६ साली नियमित टपाल सुरू झाले. डोंगरउतारावरच्या मुलांनी आपले रोजचे जगणे छापून धाडावे, किनाऱ्यावरच्या मुलांनी आपले. इकडच्यांनी तिकडच्या समुद्राविषयी विचारावे, तिकडच्यांनी इकडच्या झाडांविषयी. या दोन्ही गावांतील बोली प्रमाण फ्रेंचहून निराळ्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या व्यवहाराचे खरे मोल कळते. शाळेतील ज्या भाषेचा मुलांना एरवी धाकच वाटावा, ती दूरच्या सवंगड्याशी हितगुज करण्याची भाषा झाली. आपल्याकडे घरी अहिराणी, वारली, कोरकू किंवा मालवणी बोलून शाळेत प्रमाण मराठी लिहिणाऱ्या मुलांच्या बाबतीत याहून निराळा उपाय मला तरी दिसत नाही. फ्रेने यांना पुढे विरोध झाला, सरकारी नोकरी सोडावी लागली आणि वांस येथे त्यांनी स्वतःची शाळा काढली.

त्याच सुमारास, १९२४ साली, साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तेथील छात्रालयाचा कारभार पाहताना त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित सुरू केले आणि १९२८ साली ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. दिवसभराचे अध्यापन आणि छात्रालयाची सारी कामे उरकून मुलांसाठी रोज लिहिणे म्हणजे केवढा व्याप असेल! मुलांनी लिहावे असे ज्याला वाटते, त्याने मुलांदेखत स्वतः लिहिले पाहिजे, हे तेथे आचरणातून दिसत होते. आज शिक्षकांच्या माथी याद्या, सर्वेक्षणे आणि अहवाल इतके मारले जातात, की त्यांना स्वतःचे चार ओळींचे लिखाण करावयास सवड राहत नाही. आणि मुलांच्या लेखनदारिद्र्याचे हे मोठे कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या शाळांतही हस्तलिखिते निघतात, भित्तिपत्रके लागतात. परंतु त्यांतील मजकूर बहुधा कोठून तरी उतरविलेला, अक्षर वर्गातील सर्वांत सुरेख लिहिणाऱ्या मुलीचे, आणि पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन झाले की हस्तलिखित कपाटात कुलूपबंद. साधनांची सबब आता सांगता येत नाही. सिंधुदुर्गातील मुलाने लिहिलेले पान नंदुरबारच्या वर्गात शिक्षकांच्या मोबाइलवर तत्क्षणी उघडते, तेथे ना खिळे जुळवावे लागत ना टपालाची वाट पाहावी लागत. पालकांची संमती घ्यावी, मुलाचे पूर्ण नाव, पत्ता आणि छायाचित्र बाहेर जाऊ देऊ नये, आणि उत्तर आलेच नाही असे शक्यतो घडू देऊ नये. एवढे पथ्य पाळले म्हणजे पुरे. शिक्षकांनी सुधारणा सुचवाव्यात, परंतु मुलाचे वाक्य तासून तासून स्वतःचे करण्याचा मोह आवरावा.

या अंकाची अखेरची पाने आम्ही शाळांतून आलेल्या मुलांच्या मजकुराला दिली आहेत. शुद्धलेखनापलीकडे त्यास हात लावलेला नाही. एका मजकुरातील बोलीभाषेचे शब्द तसेच ठेवले आहेत आणि एका मुलीने विहिरीच्या पाण्याविषयी गावाला विचारलेला प्रश्नही तसाच छापला आहे. वाचकांनी ही पाने वाचून मुलांना पत्र लिहावे, अशी आग्रहाची विनंती आहे. शाबासकीपेक्षा एखादी शंका विचारावी, आपल्या गावची एखादी गोष्ट कळवावी. पत्रे अंकाच्या कचेरीत पाठवावीत. ती त्या त्या वर्गापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी आमची.