कॅम्पातील बंगला आणि पायाखालची जमीन

बेळगावच्या कॅम्पाशी गोमंतकीयांचा संबंध आजचा नाही. १८५६ साली स्थापन झालेल्या सेंट पॉल्स शाळेत ज्यांचे आजोबा शिकले अशी कुटुंबे मडगावात आणि म्हापशात आजही आहेत. शिक्षणासाठी, औषधोपचारासाठी, उन्हाळ्यातील चार दिवसांच्या गारव्यासाठी चोर्ला वा अनमोड घाट चढून जाण्याची आमच्या लोकांची सवय मुक्तीपूर्व काळापासूनची आहे. निवृत्तीनंतर घाटमाथ्यावर एखादे कौलारू घर असावे, पुढे ओसरी, मागे आंब्या-फणसाची झाडे आणि सकाळी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिगुलाचा दुरून येणारा सूर, ही आकांक्षा कोणालाही सुखावणारी आहे आणि तिच्यात दोष काढण्याचा आमचा हेतू नाही.

परंतु अलीकडे या आकांक्षेला व्यापाराचे वळण लागलेले दिसते. राहण्यासाठी म्हणून नव्हे, तर ‘गुंतवणूक’ म्हणून कॅम्पातील जुने बंगले घ्यावेत, त्यांची डागडुजी करून ते भाड्याने द्यावेत आणि चार-पाच वर्षांनी दुप्पट किमतीस विकावेत, असा सल्ला देणारे दलाल पणजीपर्यंत येऊन पोहोचले आहेत. त्यांच्या हाती एक नवे आमिषही आले आहे. छावण्यांतील नागरी वस्त्या लगतच्या नगरपालिकांत विलीन करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने स्वीकारले असून एप्रिल २०२३मध्ये हिमाचल प्रदेशातील खास योल या छावणीपासून त्याचा प्रारंभ झाला. बेळगावच्या कॅम्पाचा नागरी भाग महापालिकेत जाण्याची चर्चाही गेली काही वर्षे चालू आहे. ‘आज स्वस्तात घ्या, उद्या छावणी गेली की जमीन तुमचीच,’ असे हे आमिष आहे. ते खरे आहे असे मानून आयुष्याची पुंजी ओतण्यापूर्वी आमच्या वाचकांनी कॅम्पातील जमिनीचा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे.

१८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि पुढे किल्ल्याच्या पश्चिमेस छावणी वसली. फौजेबरोबर अधिकारी आले, अधिकाऱ्यांना घरे हवी होती आणि कंपनी सरकारला ती स्वतःच्या खर्चाने बांधायची नव्हती. तेव्हा खाजगी व्यक्तींना बांधकामासाठी जागा देण्यात आल्या. मात्र जमिनीचा हक्क सरकारने आपल्याकडेच ठेवला. बंगाल फौजेसाठी १८३६ साली निघालेला गव्हर्नर जनरलचा १७९ क्रमांकाचा हुकूम या पद्धतीचा नमुना मानला जातो. मुंबई इलाख्यातील छावण्यांचे हुकूम वेगळे असले तरी त्यांचा गाभा तोच होता. त्या हुकमाचा आशय असा की, जमीन सरकारची, घर बांधणाऱ्याचे, सरकारला गरज पडल्यास एक महिन्याची नोटीस देऊन आणि परवानगीने उभारलेल्या इमारतीची किंमत चुकती करून जागा परत घेता येईल. हीच ती ‘ओल्ड ग्रँट’. साहेब गेला, स्वराज्य आले, छावण्यांचा १९२४चा कायदा जाऊन २००६चा आला, तरी ही अट जागची हललेली नाही.

कॅम्पातील कोणत्या जागेवर कोणाचा कसला हक्क आहे, याची नोंद १९३७च्या नियमांनुसार ठेवलेल्या जनरल लँड रजिस्टर या मालमत्ता नोंदवहीत असते. खाजगी मालकीची जमीन असेल तर तिच्यापुढे ‘बी-२’ असा वर्ग लिहिलेला आढळतो. घर खाजगी आणि जमिनीचा हक्क केंद्र सरकारचा असेल तर ‘बी-३’. दोन अक्षरांतला हा एका आकड्याचा फरक कित्येक लाख रुपयांचा आहे. दलालाने दाखविलेल्या रंगीत छायाचित्रांत तो दिसत नाही. मध्य प्रदेशातील सागर छावणीच्या एका बंगल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा १९९९ साली न्यायालयाने या नोंदवहीला मोठे महत्त्व देऊन ती मालमत्ता ओल्ड ग्रँटची ठरविली. घेणाऱ्यापाशी रीतसर खरेदीखत होते. त्याचा उपयोग झाला नाही.

येथे आमच्या वाचकांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. खरेदीखत सरकारी कचेरीत नोंदले गेले, मुद्रांक भरला, मग जमीन आपली कशी नाही? याचे कारण असे की १९०८च्या नोंदणी कायद्यान्वये नोंद होते ती दस्ताची. विकणाऱ्याचा हक्क खरा की खोटा याची हमी निबंधक देत नाही. विकणाऱ्यापाशी जे आहे तेवढेच तो विकू शकतो. ओल्ड ग्रँटच्या बंगल्याचे हस्तांतर करायचे तर त्यास संरक्षण मालमत्ता अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते आणि जमीन सरकारची असल्याचे घेणाराकडून लेखी कबूल करून घेतले जाते. ही कबुली टाळण्यासाठी अनेक व्यवहार नुसत्या मुखत्यारपत्रावर उरकले जातात. अशा मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सूरज लँप खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही असे कागद हातोहात फिरतात, याचे आम्हांस नवल वाटत नाही. स्वस्त वस्तूचा मोह माणसाला वाचायचे विसरायला लावतो.

गोमंतकीय ग्राहक एरवी सावध असतो. घर घेताना मुंडकार आहे काय, विकणाऱ्याच्या पत्नीची सही आहे काय, पोर्तुगालात वा आफ्रिकेत गेलेल्या भावंडांचा वाटा सुटला आहे काय, हे तो बारकाईने पाहतो. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेने त्याला ही शिस्त लावली आहे. कॅम्पात गेल्यावर तो हेच प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे समाधानकारक मिळतात आणि तो निर्धास्त होतो. वारस सगळे हजर, सह्या सगळ्या झाल्या. फक्त ज्या जमिनीवर घर उभे आहे तिचा मालक त्या खोलीत नव्हता, हे मात्र त्याच्या ध्यानात येत नाही.

आता पैशाचा हिशेब पाहू. समजा, बंगल्याची किंमत ८० लाख रुपये आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांहून अधिक रक्कम देता येत नाही. म्हणजे सर्व कागद निर्मळ असतील तर कर्ज ६४ लाखांचे. नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले तर दरमहा सुमारे साडेसत्तावन्न हजारांचा हप्ता. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दहाच वर्षे मिळाली तर तो ८१ हजारांवर जातो. कर्नाटकात मुद्रांक आणि अधिभार धरून, शिवाय ३१ ऑगस्ट २०२५पासून एका टक्क्यावरून दोन टक्के झालेले नोंदणी शुल्क मिळवून, आणखी सहा लाखांच्या आसपास खर्च येतो आणि तो कर्जातून भागत नाही. ही झाली सरळ मार्गाची गोष्ट. ‘बी-३’च्या बंगल्यावर बँक सहसा कर्जच देत नाही. जी जमीन कर्जदाराची नाही ती तारण कशी घ्यावी आणि कर्ज थकल्यास लिलावात काय विकावे, असा तिचा प्रश्न असतो व तो रास्त आहे. मग दलाल दुसरी वाट दाखवितो: गोव्यातील राहते घर गहाण टाका, निवृत्तीची रक्कम काढा, दुरुस्तीपुरते वैयक्तिक कर्ज घ्या. अशा पंधरा लाखांच्या पाच वर्षांच्या कर्जाचा चौदा टक्क्यांनी हप्ता होतो जवळजवळ ३५ हजार रुपये. कॅम्पातील एका जुन्या बंगल्याचे भाडे एवढे ओझे पेलील काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. बँकेने नाकारलेले कर्ज हा अनेकांना अपमान वाटतो. आमच्या मते तो फुकट मिळालेला वकिली सल्ला आहे.

दुरुस्तीचे प्रकरण तर याहून नाजूक आहे. कॅम्पातील जुनी घरे बहुधा जांभ्या दगडाची, चुन्यात बांधलेली आणि मंगळुरी कौलांनी शाकारलेली. बेळगावचा पाऊस कोकणाइतका नसला तरी चार महिने ठिय्या देऊन बसणारा आहे. कौल सरकले की वासे भिजतात, वाशांना वाळवी लागते आणि तुळई पोखरली गेल्याचे छत खाली वाकेपर्यंत कळत नाही. हौशी मालक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा चढवितो. जांभ्याची भिंत ओल शोषते आणि चुन्यातून ती बाहेर टाकते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले की दुसऱ्या पावसाळ्यात खोल्यांच्या आतून बुरशी फुटते. जुने जाणते गवंडी हे सांगतात, पण त्यांचे ऐकतो कोण? हा खर्च अंदाजाच्या दीडपट झाला नाही असे घर विरळा.

हा सगळा खर्च परवानगीशिवाय केलेला असेल तर? २००६च्या कायद्यान्वये छावणीत इमारत नव्याने बांधण्यास वा तिच्यात भरीव फेरबदल करण्यास मंडळाची पूर्वसंमती लागते. ओसरी बंद करून खोली काढणे, कौले उतरवून स्लॅब टाकणे, एका बंगल्याची चार बिऱ्हाडे करणे, ही भाड्याच्या धंद्याला आवश्यक असलेली सर्व कामे त्यात येतात. आणि जागा परत घेताना सरकार किंमत देते ती अधिकृत बांधकामाची. म्हणजे विनापरवाना केलेल्या नूतनीकरणावर पंचवीस लाख ओतले तरी हिशेबाच्या वेळी त्याचे मोल शून्य. उलट पाडण्याची नोटीस येण्याचा संभव. ज्याला गुंतवणूक म्हणतात ती हीच काय?

विलीनीकरणाने हे सारे मिटेल, ही आशा आम्ही मुद्दाम शेवटी घेतली. संरक्षण मंत्रालयाने २०२४ साली या विषयाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. नागरी सुविधांसाठी असलेल्या मालमत्ता राज्याच्या स्थानिक संस्थांना विनामूल्य मिळतील, मंडळाची देणी-घेणी त्यांच्याकडे जातील, असे त्यांत म्हटले आहे. परंतु जेथे लागू असेल तेथे मालकीहक्क केंद्र सरकार स्वतःकडेच ठेवील, हेही त्यांतच नमूद आहे. थोडक्यात, घरपट्टीची पावती महापालिकेची येईल, नळाचे पाणी आणि कचऱ्याची गाडी महापालिकेची येईल, मात्र ‘बी-३’ची नोंद तशीच राहू शकेल. शिवाय विलीन होणार तो नागरी भाग, म्हणजे मुख्यतः बाजार आणि त्याभोवतीची दाट वस्ती. ऐसपैस आवारांचे बंगले बहुधा त्या हद्दीबाहेर असतात आणि तो भाग लष्करी ठाण्याकडेच राहील. ज्या बंगल्याचे चित्र दाखवून विलीनीकरणाची लालूच दिली जाते, त्याला विलीनीकरणाचा स्पर्शही न होण्याचाच संभव अधिक. सीमाप्रश्नाचा निकाल कसाही लागो, या जमिनीचा मालक बेंगळुरूही नाही आणि मुंबईही नाही. तो दिल्लीत बसला आहे.

कॅम्पात घर घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. ‘बी-२’ची घरे तेथे आहेत, त्यांचे व्यवहार निर्वेध होतात. ओल्ड ग्रँटचे घरही परवानगी घेऊन, स्वतःच्या शिलकीतून, स्वतः राहण्यासाठी कोणी घेत असेल तर तो जाणतेपणाने घेतलेला निर्णय होय. तेथील कित्येक मराठी, कोंकणी व अँग्लो-इंडियन कुटुंबांनी तीन-तीन पिढ्या अशा घरांत सुखाने काढल्या आहेत. कौले फेरताना त्यांनी कधी मंडळाशी भांडण केले नाही. आमचा आक्षेप आहे तो न सांगितलेल्या गोष्टींच्या बळावर चाललेल्या विक्रीला.

यात प्रशासनाचाही वाटा आहे. नोंदवहीतील उतारा मिळविण्यासाठी सामान्य माणसाला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत. प्रत्येक बंगल्याचा क्रमांक, त्याच्या जमिनीचा वर्ग आणि आजवर मंजूर झालेले बांधकाम ही माहिती मराठी, कन्नड आणि इंग्रजीत कोणालाही पाहता येईल अशी खुली करावी, आणि विलीनीकरणाचा निर्णय होण्यापूर्वीच ती करावी. खरेदीखताला हा उतारा जोडल्यावाचून कॅम्पातील दस्त नोंदवू नये, असा नियम कर्नाटक सरकारने केल्यास दलालांचा अर्धा धंदा त्याच दिवशी बसेल. तोपर्यंत इसाराची रक्कम खिशातून काढण्यापूर्वी घाट चढून जाणाऱ्याने बंगल्याच्या आधी संरक्षण मालमत्ता अधिकाऱ्याची कचेरी गाठावी.