बर्फ भेदणारे फूल

युरोपात जानेवारी-फेब्रुवारीत झाडे अजून निष्पर्ण असतात, माती गारठलेली असते. अशा वेळी वीतभरही उंच नसलेले एक पांढरे फूल मान खाली घालून उमलते. हे स्नोड्रॉप!

त्याचे शास्त्रीय नाव गॅलँथस निव्हॅलिस. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ते दिले. ग्रीकमध्ये ‘गाला’ म्हणजे दूध, ‘अँथोस’ म्हणजे फूल. लॅटिनमध्ये ‘निव्हॅलिस’ म्हणजे बर्फाचे. थोडक्यात, बर्फातले दूधफूल.

लोकांनी मात्र आपापल्या नजरेने नावे ठेवली. जर्मनांना त्यात बर्फाची इवलीशी घंटा दिसली. रशियन त्याला ‘बर्फाखालचे’ म्हणतात, तर फ्रेंच आणि इटालियन ‘बर्फ भेदणारे’. हे शेवटचे नाव अगदी खरे आहे. त्याच्या पानांची टोके कडक असतात, म्हणून तर ती गारठलेल्या मातीतून वर येतात.

दिसायला नाजूक असले तरी त्याचा कंद विषारी असतो. कांदा समजून खाल्ला तर उलट्या होतात. गंमत म्हणजे, याच जातकुळीतल्या फुलापासून १९५०च्या दशकात गॅलँटामाइन हे औषध मिळाले. अल्झायमर त्याने बरा होत नाही, पण काही रुग्णांची स्मृती काही काळ टिकायला मदत होते.

तुर्कस्तानच्या रानांतून या फुलांचे कंद विक्रीसाठी प्रचंड प्रमाणात खणले गेले. आता त्यांच्या व्यापारावर ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे. फूल खुडले तर पुढच्या वर्षी पुन्हा येईल. कंदच नेला, तर मागे फक्त नाव उरेल.