घरात कोळ्यांची पैदास : विषापेक्षा केसांना घाबरा

तळहाताएवढा केसाळ कोळी हौसेने पाळणारी माणसे आता आपल्या शहरांतही भेटतात. टॅरान्टुला म्हणतात त्याला. मादी पाळून झाली की पुढची हौस म्हणजे नर आणून जोडी लावणे आणि पिल्ले वाढवणे. अशा घरातल्या आईवडिलांचा दवाखान्यातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, हा चावला तर माणूस मरतो का हो?"

टॅरान्टुला चावल्याने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही. पाळल्या जाणाऱ्या बहुतेक अमेरिकी जातींचा चावा गांधीलमाशीच्या दंशासारखा असतो; दुखतो, सुजतो, उतरतो. अपवाद आपल्याच मातीतला आहे. भारत आणि श्रीलंकेतल्या झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पोसिलोथेरिया गटातल्या कोळ्यांचे विष जास्त जहाल असते. आंध्र प्रदेशातल्या गुटी गावाच्या नावाने ओळखला जाणारा निळा कोळी याच गटातला. त्याच्या चाव्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, हातापायांत गोळे येतात आणि ते कित्येक दिवस छळू शकतात. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस चार विषारी सापांसाठी आहे. ती इथे उपयोगाची नाही.

पण माझी खरी काळजी विषाची नाही, केसांची आहे. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरान्टुलांच्या पोटावर सूक्ष्म काटेरी केस असतात. डिवचले की कोळी मागच्या पायांनी ते झाडतो आणि केसांचा ढग हवेत उडतो. त्वचेवर पडले तर खाज आणि पुरळ, नाकात गेले तर शिंका, दमेकऱ्याला धाप. डोळ्यात गेले तर मात्र गोष्ट गंभीर होते. केसाला उलटे काटे असल्यामुळे तो बुबुळात रुततो आणि पुढे पुढे सरकत राहतो.

इंग्लंडमधल्या लीड्सची एक नोंद 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. एका तरुणाचा डोळा तीन आठवडे लाल होता, पाणी येत होते, उजेड सहन होत नव्हता. साधे डोळे आले असावेत असे समजून प्रतिजैविकांचे थेंब दिले गेले. गुण येईना. शेवटी नेत्रतज्ज्ञांनी मोठ्या भिंगातून पाहिले तेव्हा पारदर्शक पटलात बारीक केस रुतलेले दिसले. मग त्याला आठवले, आपण कोळ्याची काचेची पेटी साफ करत होतो तेव्हा त्याने काहीतरी उडवले होते. केस इतके बारीक होते की चिमट्याने काढणेही शक्य नव्हते. स्टेरॉइडच्या थेंबांवर भागवावे लागले. (हे थेंब मेडिकलमधून आपल्या मनाने आणायचे नसतात, हे सांगायला नकोच.)

आता पैदाशीकडे येऊ. एक कोळी पेटीत शांत बसलेला असतो. पैदास म्हणजे पेटी वारंवार उघडणे, नराला मादीजवळ सोडणे, तिने त्याला खाऊ नये म्हणून मध्ये पडणे, आणि पुढे आईच्या ताब्यातून अंड्यांची पिशवी काढून घेणे. डिवचण्याचे हेच सगळे प्रसंग. काही जातींच्या माद्या तर पिशवीच्या रेशमातच आपले केस विणून ठेवतात. ती पिशवी पंख्याखाली फाडली की पुढचे सांगायला नको. पिल्ले मात्र बिचारी निरुपद्रवी. काही मिलिमीटरची, सुरुवातीला झाडायचे केसही नसलेली. कात टाकत वाढतात तसे केस येतात. पण एका पिशवीतून जातीप्रमाणे पन्नासपासून कित्येकशे पिल्ले निघतात, आणि त्यांना खायला घालण्यासाठी घरात फळमाश्या, रातकिडे, झुरळे वाढवावी लागतात. झुरळांच्या विष्ठेची आणि कातीची धूळ हे दम्याचे माहितीतले कारण आहे. मुलाला इनहेलर चालू आणि बाल्कनीत झुरळांचे डबे, हे गणित मला पटत नाही.

जाणत्या माणसाने एखादा कोळी नीट पाळला तर माझी हरकत नाही. शिसारी येते हे काही वैद्यकीय कारण नव्हे. पण लहान मूल किंवा दमेकरी असलेल्या दोन खोल्यांच्या घरात पैदास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वेगळी खोली, डोळ्यांना पूर्ण बंद चष्मा, मास्क, हातमोजे आणि लांब बाह्या एवढे जमत असेल तरच विचार करा. कायद्याचीही चौकशी करा : पोसिलोथेरिया 2019 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या साइट्स यादीत आहे. रानातून कोळी उचलून आणणे तर नकोच.

केस अंगावर पडले तर खाजवू नका. चिकटपट्टी लावून अलगद ओढा, मग साबणपाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. चावल्यावर जखम धुवा, थंड पाण्याची घडी ठेवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. गोळे आले, छातीत दुखले किंवा श्वास लागला तर थेट रुग्णालय.

आपल्याकडे कुठलेही पुरळ उठले की "कोळी मुतला" म्हणतात. बहुतेक वेळा ती नागीण असते, नाहीतर चिरडलेल्या एखाद्या किड्याचा प्रताप. ज्यांच्या घरी खरोखर कोळी असतो ते मात्र डॉक्टर हसतील किंवा रागावतील म्हणून गप्प बसतात. तुम्ही सांगितले नाही तर लाल डोळा आम्हाला साथीचाच वाटणार. तपासायला बसताच सांगा, घरी टॅरान्टुला आहे, आणि जात माहीत असेल तर तीही सांगा.