विजेची चिप आणि कोलारचा रस्ता

इंदिरानगरच्या उत्तर अंगाने जाणारा जुना मद्रास रस्ता पुढे कोलारला पोहोचतो. शिवनसमुद्रची जलविद्युत 1902 मध्ये प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली. खुद्द बंगळूरला ती 1905 मध्ये आली. पाणी कावेरीचे, श्रम येथल्या मजुरांचे. सोने ब्रिटिश कंपन्यांचे आणि म्हैसूर संस्थानाच्या वाट्याला स्वामित्वशुल्क. वीज-नियामक चिपची चर्चा निघाली की मला ही हकीकत आठवते.

बॅटरीतील वीज उपकरणाच्या प्रत्येक भागाला योग्य दाबाने पुरवणे, हे या चिपचे काम. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1985 मध्येच बंगळूरमध्ये संशोधन केंद्र काढले. परंतु बहुराष्ट्रीय केंद्रांतील आराखड्याची मालकी साधारणतः मूळ कंपनीकडेच राहते.

दिल्लीतील चर्चा नॅनोमीटरभोवती फिरते. येथे तो मापदंड फारसा उपयोगाचा नाही. अधिक दाब सोसायचा असल्याने ही चिप जुन्या तंत्रावरच उत्तम बनते. तुलना निराळ्या निकषांवर करावी लागते. पाच व्होल्टचे 3.3 व्होल्ट करणारा साधा रेषीय नियामक फार तर 66 टक्के वीज पुढे देतो, उरलेली उष्णतेत जाते. स्विचिंग नियामक 90 टक्क्यांच्या घरात पोहोचतो, पण विद्युत गोंगाट करतो. उपकरण स्वस्थ असताना चिप स्वतः किती वीज खाते, हेही पाहावे लागते. प्रशासक म्हणून मला अधिक छळणारा प्रश्न असा की, दहा वर्षांनी ती मिळेल काय? तिच्या जागी दुसरी बसली नाही, तर संपूर्ण सर्किट बोर्ड नव्याने आखावा लागतो.

केंद्राच्या वीज वितरण सुधारणा योजनेत 25 कोटी स्मार्ट मीटरांचे उद्दिष्ट आहे. प्रत्येकी अर्धा वॅट वाचला, तरी 125 मेगावॅटची अखंड बचत होते.

धोलेरा येथील टाटांच्या 91,000 कोटी रुपयांच्या प्रकल्पाच्या उत्पादनांत वीज-नियामक चिप आहेत, हे समाधानाचे. पण कारखाना आपल्या भूमीवर आल्याने आराखडा आपला होत नाही. ॲपलने 2018 मध्ये डायलॉग कंपनीला 30 कोटी डॉलर देऊ केले, ते पेटंटांचे परवाने आणि तीनशेहून अधिक कर्मचारी मिळवण्यासाठी.

म्हणून मीटरांच्या निविदांत काही हिस्सा भारतीय मालकीच्या आराखड्यांसाठी राखावा आणि पर्यायी चिपची हमी मागावी. वित्त विभाग सर्वांत कमी दराचा आक्षेप घेईल; त्या टिपणीची भाषा मला तोंडपाठ आहे. तिचे उत्तर मीटर भिंतीवर लागण्यापूर्वी फाइलवर यायला हवे.